मावशी दुभाषी झाली ते दहा दिवस

माझ्या मावशीनं एकतीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. लांबचा फोन लावायचा तर आधी ऑपरेटरला सांगावं लागायचं, त्या काळातली गोष्ट. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा फळा, हातात वायरी. इकडचा माणूस तिकडच्या माणसाला जोडून दिला की आपण बाजूला व्हायचं. ऐकायचं नाही आणि मध्ये बोलायचं नाही, असा तिथला नियम होता. "ऐकायचं नाही म्हणजे ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही," असा मावशीनं त्याचा सोयीचा अर्थ लावला होता. निम्म्या गावाची लग्नं, भांडणं, रुसवेफुगवे तिच्या कानांवरून गेले, पण तोंडातून चकार शब्द बाहेर पडला नाही.

तिचं इंग्रजीही तिथलंच. परदेशचे फोन लावता लावता आलेलं. उच्चार स्पष्ट, व्याकरण चोख आणि जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'प्लीज'. एक्स्चेंजमध्ये यंत्रं आली, ऑपरेटर घरी बसले. मावशीही निवृत्त झाली आणि तिची खरी पंचाईत झाली. कारण घरात काका. काका म्हणजे मावशीचे यजमान, बस दुरुस्तीच्या कारखान्यात मेकॅनिक होते. माणूस सोन्यासारखा, पण दिवसाला मोजून दहा शब्द बोलायचे, त्यातले तीन 'हं'. त्यामुळे संध्याकाळी शाळेतून मी आले की मावशी मला धरून बसायची. मी चर्चच्या शाळेत चित्रकला शिकवते आणि मावशीकडेच राहते. शाळेत काय काय झालं ते सगळं तिला इत्थंभूत लागायचं. मीही सांगायचे. ते पुढे मला भोवलं.

एका सकाळी आमच्या चर्चचे पाळक घरी आले. खुर्चीत टेकायच्या आतच म्हणाले, "मावशी, आता तुम्हीच तारा." मावशीला सगळी वस्तीच मावशी म्हणते, पाळकसुद्धा.

"काय झालं हो?"

"परदेशातून मिशनची टीम येतेय. सात जण, दहा दिवस. उपासनेत बोलणार, लोकांच्या घरी भेटी देणार, शाळेत काही काम करणार. दुभाषी ठरवला होता, त्याला नेमका काल कावीळ झाली."

"अहो, मी फोनवर बोललेली बाई. पलीकडचा माणूस दिसत नसला की मला सुचतं. समोर चारशे डोळे आले तर माझी दातखीळ बसेल."

काकांनी पेपर खाली न घेता एक शब्द खर्च केला. "जा."

मग काय, मावशी गेली.

पाहुणे आले ते सगळे एकाच निळ्या रंगाच्या शर्टात. हरवले तर सापडावेत म्हणून असेल. टीमचे प्रमुख इतके उंच की चर्चच्या बाजूच्या दारातून वाकून यावं लागायचं. दोनदा ते विसरले आणि दोनदा कपाळाला टेंगूळ आलं. मनानं अगदी निर्मळ माणूस. सगळ्यांशी हसून बोलायचे, मुलांना उचलून घ्यायचे, दर पाच मिनिटांनी सगळ्यांचे आभार मानायचे. बाकी एक नर्स, चार तरुण मुलंमुली आणि सत्तरीला आलेले एक प्लंबर आजोबा. या आजोबांनी चाळीस वर्षं नळ आणि पाइप यांच्याशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. टीमनं त्यांना काम दिलं होतं लहान मुलांच्या गाण्यांवर हातवारे करण्याचं. बिचारे करायचे. ताऱ्याच्या ओळीला हात वर, समुद्राच्या ओळीला हात आडवे, आणि चेहरा दाढ दुखत असल्यासारखा.

पहिल्या रविवारी चर्च खच्चून भरलं. मावशी इस्त्रीचे कपडे घालून उंच पाहुण्यांच्या शेजारी उभी राहिली. तिचं डोकं जेमतेम त्यांच्या कोपराशी येत होतं. पाहुणे म्हणाले, "देवानं आपल्याला कधीही..." आणि थांबले. मावशीकडे बघू लागले. मावशी त्यांच्याकडे बघू लागली. सगळं चर्च दोघांकडे बघू लागलं.

त्यांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यांनी तेच आणखी मोठ्यानं म्हटलं. मावशी गप्पच. शेवटी तिच्या तोंडून एकतीस वर्षांची सवय निसटली. माइकमध्येच ती खणखणीत इंग्रजीत म्हणाली, "गो अहेड, प्लीज."

मागच्या बाकांवरची मंडळी फिसकन हसली. मावशीनं मग हळू आवाजात त्यांना समजावलं. साहेब, तुमच्याकडे क्रियापद आधी येतं, आमच्याकडे सगळ्यात शेवटी. 'देवानं आपल्याला कधीही' एवढंच सांगून मी थांबले तर देवानं सोडलं नाही, मारलं नाही की विचारलं नाही, काय म्हणू? पूर्ण वाक्य द्या. पाहुण्यांना ते इतकं पटलं की त्यांनी पुढचा अर्धा तास शाळेतल्या मुलासारखी पूर्ण वाक्यं दिली, प्रत्येकाच्या शेवटी मान डोलावून. उपासना सुटल्यावर लोक मावशीला म्हणाले, "छान बोललीस." ती कुणा दुसऱ्याचं बोलत होती हे बहुतेक जण विसरूनच गेले होते.

पहिला घोटाळा झाला तो मंगळवारी. पाहुण्यांनी संध्याकाळी हॉलमध्ये एक सभा ठेवली होती. आदल्या दिवशी ते बाजारातून, गल्ल्यांमधून फिरले आणि भेटेल त्याला निमंत्रण दिलं. जो तो म्हणाला, "हो हो, येऊ की." मावशीनं नियमाप्रमाणे सांगितलं, हे येणार आहेत. पाहुण्यांनी वहीत मोजून साठ जणांचा आकडा लिहिला, स्वतः साठ खुर्च्या मांडल्या, दाराशी उभे राहिले. आले तीन जण. पाळक, हॉलचा झाडूवाला आणि मावशीनं घरून पिटाळलेले काका.

पाहुण्यांचा चेहरा पडला. "त्यांनी शब्द दिला होता," ते म्हणाले.

मावशीला वाईट वाटलं. ती म्हणाली, "साहेब, 'येऊ की' म्हणजे येतो असं नसतं. तोंडावर नाही कसं म्हणायचं, म्हणून म्हणतात. ज्याला खरंच यायचं असतं तो आधी विचारतो, किती वाजता, कुठे."

"मग हे तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तेव्हा त्यांनी जे म्हटलं ते मी सांगितलं. माझं काम तेवढंच."

उंच पाहुणे एका खुर्चीवर बसले, तरी मावशीएवढेच उंच दिसत होते. तिथूनच म्हणाले, "यापुढे लोक काय म्हणतात ते नका सांगू. त्यांच्या मनात काय आहे ते सांगा."

त्या संध्याकाळी मावशी घरी आली ती वेगळ्याच तोऱ्यात. एकतीस वर्षं तोंडाला कुलूप, आणि आता कुणीतरी किल्ली हातात दिली होती.

बुधवारी घरोघरच्या भेटी होत्या. पहिल्याच घरी नुकतीच फरशी पुसलेली. घरातली बाई म्हणाली, "या ना, या, असे आत या." मावशीनं सांगितलं, फरशी ओली आहे, बाई मनातून म्हणतेय की जरा बाहेरच थांबा. पाहुणे उंबऱ्याबाहेर थांबले. बाईचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या घरी शिंपी होता, तीन गिऱ्हाइकं खोळंबलेली. तो म्हणाला, "बसा, एवढी काय घाई?" मावशी म्हणाली, आता उठा. पाहुणे उठले. शिंप्यानं त्यांचा हात दोन्ही हातांत धरून दाबला. तिसऱ्या घरातल्या म्हातारबाबांनी "काही नको, माझं छान चाललंय" म्हटलं, तेव्हा मावशीनं सांगितलं की यांच्याशी गेल्या आठ दिवसांत कुणी धड बोललेलं नाही. पाहुणे तिथे दीड तास बसले. एका दिवसात वस्तीभर झालं, पाहुणे काय समजूतदार आहेत हो! न सांगता ओळखतात! मावशी कॉलर ताठ करून हिंडत होती.

आणि गुरुवारी ती शाळेत आली.

आता शाळेचं सांगायला हवं. आमच्या शाळेला बाहेरून येणाऱ्या टीमनी तीन वर्षांत तीनदा रंग दिला होता. एकदा पिवळा, एकदा हिरवट, मागच्या वर्षी परत पिवळा. भिंतींवर इतके थर बसले होते की माझी खात्री होती, वर्ग आतून बोटभर तरी लहान झाले असणार. आणि त्याच शाळेत मुलींचं टॉयलेट अकरा महिने बंद होतं. सांडपाण्याचा पाइप जमिनीखाली कुठेतरी तुंबला होता. गावातला नळवाला येऊन खड्डा करून गेला, म्हणाला, सगळं खणावं लागेल, आणि पुन्हा फिरकला नाही. समितीकडे अर्ज पडून होते. मुली मधल्या सुट्टीत घरी पळायच्या आणि बऱ्याचशा परत यायच्याच नाहीत. लांबून येणाऱ्या मुली सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. हे सगळं मी रोज संध्याकाळी मावशीपुढे ओकत होते.

आमच्या मुख्याध्यापिका, आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणतो, कडक शिस्तीच्या. त्यांच्या खोलीत काचेचं टेबल, काचेखाली बक्षिसांची प्रमाणपत्रं आणि वेळापत्रक, कोपऱ्यात लोखंडी कपाट. पाहुणे रंगाचे डबे घेऊनच आले. सहा डबे ओळीनं टेबलापाशी ठेवले. पिवळाच. मी चहाचे कप द्यायच्या निमित्तानं तिथेच घुटमळत होते.

उंच पाहुण्यांनी विचारलं, "शाळेला रंग देऊ या ना?"

मोठ्या बाई उभं राहून म्हणाल्या, "आपण एवढ्या लांबून आलात, आमच्या शाळेचा विचार केलात, आम्ही आभारी आहोत. आपल्याला जसं सोयीचं होईल तसं करा."

मावशीनं डब्यांच्या ओळीकडे बघितलं. मी तिच्याकडे बघून डोळे मोठे केले. तिनं बघितलं नाही. ती इंग्रजीत सांगू लागली, बाई म्हणतात, आपण आलात, आनंद वाटला. रंग मागच्याच वर्षी दिलाय. पण मुलींचं टॉयलेट अकरा महिने बंद आहे, ते झालं तर फार बरं होईल, प्लीज.

मोठ्या बाईंना इंग्रजी वाचता येतं. परदेशी माणसाचं बोलणं कळत नाही, पण मावशीचं कळण्यासारखं होतं, आणि टॉयलेट हा शब्द तर कुणालाही कळतो. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. दात न उघडता त्या म्हणाल्या, "मावशी, यात टॉयलेट कुठून आलं?"

"काय म्हणताहेत त्या?" पाहुण्यांनी विचारलं.

मावशी गडबडली. तिनं जसंच्या तसं सांगून टाकलं, "बाई विचारताहेत, टॉयलेट कुठून आलं."

पाहुणे गोंधळून एकदा बाईंकडे, एकदा डब्यांकडे बघत राहिले. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून प्लंबर आजोबा उठले. पाच दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा माणसासारखा दिसत होता. "कुठे आहे ते?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दाराबाहेर पडले.

पुढचा दीड दिवस वाईट गेला. उंच पाहुणे शाळेच्या पायऱ्यांवर बसून मावशीला म्हणाले, "आम्ही पत्रानं विचारलं होतं. त्यांनी हो कळवलं होतं. रंगासाठी आमच्याकडे किती लोक झटलेत."

"पत्रात तुम्ही रंगच ठरवून विचारलंत, साहेब, आणि आता डबे समोर ठेवलेत. डबे बघितल्यावर नको कोण म्हणेल?"

ते कपाळावरचं टेंगूळ चोळत राहिले. टीममधली तरुण मुलं मात्र भिंती घासायला लागली होती, कारण ठरलेलं काम ते ठरलेलं काम.

इकडे मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. "चित्रकलेच्या बाई, आपल्या टॉयलेटची इतकी खडान्‌खडा माहिती तुमच्या मावशींना कुठून बरं मिळाली?" माझं तोंड बघूनच त्यांना उत्तर मिळालं. त्यानंतर त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. काही सांगायचं असलं की चिठ्ठी यायची. 'वर्गातला फळा स्वच्छ ठेवावा.' माझा फळा स्वच्छच होता.

मावशीनं तर अंथरूण धरायचं तेवढं बाकी ठेवलं. ताटावरून उठली. "मी मध्ये बोलले गं. दुसऱ्याच्या तोंडात आपले शब्द घातले. एकतीस वर्षांत कधी केलं नव्हतं."

"पाहुण्यांनीच सांगितलं होतं ना, मनातलं सांगा म्हणून," मी म्हटलं.

"त्यांनी सांगितलं होतं. बाईंनी नव्हतं सांगितलं."

काकांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "बोललीस ते खरं की खोटं?"

"खरं."

"मग जेव. आणि उद्या माफी माग."

"खरं होतं तर माफी कशाची?"

"विचारलं नाहीस त्याची," काका म्हणाले आणि उठले. त्यांचा दोन दिवसांचा कोटा संपला होता.

शनिवारी सकाळी मावशी मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. मला दाराबाहेर उभं केलं, धीर म्हणून. दार अर्धं उघडंच होतं.

"बाई, माझं चुकलं."

"काय चुकलं? खोटं बोललात का?"

"नाही. तुमच्या तोंडी घातलं. तुम्ही म्हणाला नव्हतात ते."

बाईंनी काचेखालच्या वेळापत्रकावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "ते चुकलंच. अकरा महिने मी अर्ज लिहितेय. तुम्हाला काय वाटतं, मला मुली दिसत नाहीत? पण पाहुणे येतात, काहीतरी देतात, फोटो काढतात. आम्ही आपले दरवेळी घेणारे. निदान काय घ्यायचं ते तरी मागू नये, मिळेल ते घ्यावं आणि मान राखावा, असं मला वाटतं. तुम्ही माझा तेवढाही मान ठेवला नाहीत."

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही, तशीच उभी राहिली.

"बसा," बाई म्हणाल्या. "यापुढे मी बोलेन तेवढंच सांगायचं. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही."

"हो."

"आणि पुढच्या वेळी असं काही मनात आलं तर आधी मला विचारायचं."

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात."

बाईंनी मान वर केली. "हो," त्या म्हणाल्या, "म्हणाले असते." आणि त्यांना हसू आलं. थोडंसंच, पण दाराबाहेरून मला ऐकू आलं.

तेवढ्यात आमचे शिपाईमामा धावत आले, कोपरापर्यंत मातीनं माखलेले. "बाई, चला लवकर. सापडलं!"

शिपाईमामा आणि प्लंबर आजोबा गुरुवार दुपारपासून खणत होते. मामांना इंग्रजीचा गंध नाही, आजोबांना आमच्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही. पण मावशी एकदा विचारायला गेली होती, काही सांगायचंय का, तर दोघांनीही हातानंच तिला बाजूला हो म्हणून खुणावलं होतं. तिची सावली पडल्यामुळे त्यांना काम दिसत नव्हतं.

आम्ही जाऊन पाहिलं. टॉयलेटच्या मागे एक मोठं झाड आहे. मोठ्या बाई या शाळेत आल्या त्या वर्षी त्यांनी ते स्वतः लावलं होतं. त्याचं पान तोडणाऱ्या मुलाला शंभर ओळी लिहायला लागतात. त्याच झाडाची मुळं पाइपात शिरली होती. वीतभर रुंद पाइप आणि आत केसांच्या वेणीसारखी घट्ट मुळं. पाइप दोन ठिकाणी चिरला होता. रंग घासणारी मंडळीही हातातले ब्रश घेऊन बघायला आली. उंच पाहुणे खड्ड्यापाशी वाकून उभे राहिले.

बाई झाडाकडे बघत होत्या. मग त्या पाहुण्यांकडे वळल्या आणि सावकाश बोलल्या, मावशीला पूर्ण वाक्य मिळेल असं. "हे झाड मी लावलंय. मुली आधी, झाड नंतर. तोडायचं असेल तर तोडा. पण तोडताना मी इथे थांबणार नाही, आत जाऊन बसेन."

मावशीनं एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. फक्त तिचा आवाज शेवटी कापरा झाला. त्याला ती काय करणार?

प्लंबर आजोबा फिस्कारलेच. "तोडायचं कुणी म्हटलं? झाडाचं काय चुकलं? पाइप वळवू. त्या बाजूनं, भिंतीच्या कडेनं, रस्त्याच्या गटारापर्यंत. पण चाळीस फूट चर खणायला लागेल. आमच्या दोघांच्यानं चार दिवसांत होणार नाही." आणि त्यांनी उंच पाहुण्यांकडे बघितलं.

उंच पाहुण्यांनी हातातल्या ब्रशकडे बघितलं. भिंत अर्धी घासून झाली होती. त्यांनी ब्रश डब्यावर ठेवला आणि विचारलं, "फावडी कुठे मिळतील?"

मग जे काम सुरू झालं, ते बघायला निम्मी वस्ती लोटली. शनिवारी दिवसभर, रविवारी उपासनेनंतर, सोमवार, मंगळवार. तरुण मुलं खणत होती, नर्स माती उपसत होती, उंच पाहुणे चरात उतरले की बाहेरून पहिल्यांदाच आपल्याएवढे दिसायचे. त्यांच्या तळहातांना फोड आले, शर्टाचा निळा रंग कुठला आणि माती कुठली ते कळेना. दुसऱ्या दिवशी आपला शिंपी फावडं घेऊन आला, ओल्या फरशीवाल्या बाईंचा नवरा आला. कुणी बोलावलं नव्हतं. काका पाइप कापायची करवत घेऊन गेले आणि संध्याकाळपर्यंत परतलेच नाहीत. प्लंबर आजोबा, शिपाईमामा आणि काका, तिघे मिळून एक अक्षर न बोलता पाइप जोडत बसले. काकांना इतकं सुखी मी घरात कधी पाहिलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी पाणी सोडलं. आजोबा रस्त्याच्या टोकाला गटारापाशी गुडघे टेकून बसले, आम्ही सगळे इकडे. थोडा वेळ काहीच नाही. मग तिकडून त्यांनी दोन्ही हात वर केले, गाण्यातल्या ताऱ्याच्या ओळीला करायचे तसे, पण या वेळी मनापासून. मुलींनी इतका गलका केला की मोठ्या बाईंनी घंटा वाजवली आणि मग स्वतःच टाळ्या वाजवल्या.

निघायच्या दिवशी चर्चमध्ये छोटी सभा झाली. उंच पाहुणे म्हणाले, "आम्ही देण्यासाठी आलो होतो आणि विचारायचं राहून गेलं होतं. त्याबद्दल मला क्षमा करा." मावशीनं तेवढंच सांगितलं. नंतर मोठ्या बाई उठल्या. त्या म्हणाल्या, "सांगायचं आमच्याकडूनही राहिलं होतं." आणि बसल्या. त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात छोटं भाषण असावं.

बसपाशी प्लंबर आजोबांनी आपला मोठा पान्हा पिशवीतून काढून शिपाईमामांच्या हातात दिला. मामांनी आपली टोपी काढून त्यांना घातली. ती थोडी घट्ट बसली. काय बोलले ते बोलले, आपापल्या भाषेत, बराच वेळ. मावशी शेजारीच उभी होती. तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही काही सांगितलं नाही.

रंगाचे डबे राहिले. ते बाईंनी मला दिले, म्हणजे चिठ्ठी न पाठवता, तोंडानं बोलून. मागच्या भिंतीवर मी आणि सातवीच्या मुलींनी चित्रं काढली. पिवळ्यातच जेवढं काही काढता येतं तेवढं काढलं. दुपारच्या तासाला आता वर्ग भरलेला असतो, त्यामुळे गोंगाटही दुप्पट.

पुढे तीन महिन्यांनी पाळकांना आणखी एका टीमचं पत्र आलं. यायचंय, काहीतरी काम करायचंय, काय करू? पाळकांनी ते मोठ्या बाईंना दिलं आणि बाईंनी मावशीला बोलावणं धाडलं. तेव्हापासून दर शनिवारी दोघी बाईंच्या खोलीत बसतात. बाई आपल्या भाषेत सांगतात, मावशी इंग्रजीत लिहिते, मग वाचून दाखवते, मग वाद. प्रयोगशाळेला काय हवं, वाचनालयात किती फळ्या लागतील, हे सगळं त्यात असतं, पण भांडण होतं ते शब्दांवर. परवा 'अडचण' या शब्दावर दोघी पाऊण तास अडून बसल्या. बाईंना तो फार केविलवाणा वाटतो, मावशीला त्याहून सौम्य शब्द इंग्रजीत सापडत नाही. चहा दोनदा गार झाला. मी तिसऱ्यांदा आणून ठेवला आणि वर्गावर निघून आले.